'स्लँटेड अँड एन्चान्टेड' पहिल्यांदा ऐकताना: कुठून शिरायचं, कुठे थांबायचं

पेव्हमेंट या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम मी पहिल्यांदा लावला, तेव्हा तिसऱ्या गाण्यावरच बंद केला. गिटार करवतीसारखी कानात जात होती, गाणारा मध्येच सूर सोडून बोलायला लागत होता, ड्रम भिंतीपलीकडे वाजत असावेत असं वाटत होतं. वर्षभराने एका मित्राने याच अल्बममधलं नववं गाणं आधी ऐकवलं आणि त्यानंतर महिनाभर मी दुसरं काही फारसं ऐकलंच नाही. गाणी तीच होती, मी चुकीच्या दारातून आत शिरायला बघत होतो. हा लेख त्या दुसऱ्या दाराबद्दल आहे. रॉक संगीत थोडंफार कानावर आहे, पण 'इंडी' (मोठ्या कंपन्यांबाहेर तयार झालेलं संगीत) आणि 'लो-फाय' (साध्या साधनांवर टिपलेलं, खरखरीचं संगीत) हे शब्द ऐकले की गोंधळायला होतं, अशा वाचकासाठी तो लिहिला आहे.

पायरी पहिली: 'लो-फाय' या शब्दाचा आजचा अर्थ बाजूला ठेवा

आज कुणालाही 'लो-फाय' म्हटलं की अभ्यास करताना लावायचं सौम्य संगीत आठवतं, नाहीतर जुनी हिंदी गाणी संथ करून, घुमवून केलेल्या आवृत्त्या. त्यात खरखर नंतर मुद्दाम टाकलेली असते, गाण्याला जुनेपणाचा वास यावा म्हणून. १९८० आणि ९० च्या दशकांतलं लो-फाय वेगळं होतं. तिथे खरखर उरायची, कारण ती काढायला पैसे नव्हते आणि काढायची घाईही नव्हती.

यामागे एक यंत्र आहे. १९७९ मध्ये टॅस्कॅमचा 'पोर्टास्टुडिओ' आला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक टिपता येतील असा हा छोटा डबा होता. त्याआधी असं काही करायचं तर तासावर भाडं मोजून स्टुडिओ घ्यावा लागे. आता घरातल्या पलंगावर बसून आधी गिटार, मग त्यावर आवाज, मग आणखी एक गिटार असं रचता येऊ लागलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या मोठ्या गायकाचा १९८२ चा 'नेब्रास्का' अशाच यंत्रावर टिपलेला आहे. पण त्याचा खरा फायदा घेतला तो नाव नसलेल्या मुलामुलींनी. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर ८० च्या दशकाच्या मध्यात घरगुती ध्वनिमुद्रणांचा एक कार्यक्रमच होता आणि त्याचं नाव होतं 'लो-फाय'. हा शब्द रुळायला तिथून हातभार लागला.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे फार परकं वाटू नये. शास्त्रीय संगीताच्या खाजगी मैफिलींच्या कॅसेट ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना माहीत आहे: पंखा फिरतोय, कुणीतरी खोकतंय, तबला फार जवळ आणि तंबोरा फार लांब, टेपचा 'सूं' असा आवाज सतत मागे चाललेला. तरी गाणाऱ्याने समेवर आणलेली जागा अंगावर काटा आणते. कान आपोआप खरखरीच्या पलीकडे जायला शिकतो. तोच कान इथे वापरायचा आहे, फक्त आलापाऐवजी गिटार शोधायची आहे.

पायरी दुसरी: कोण, कुठे, कधी, एवढं डोक्यात ठेवा

स्टॉकटन हे कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातलं गाव, समुद्रापासून दूर, शेतीवाडीच्या खोऱ्यात. (भारतीयांचं या गावाशी जुनं नातं आहे. अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा इथे १९१२ मध्ये उभा राहिला आणि ब्रिटिश राज्याविरुद्धच्या गदर चळवळीला त्याचा मोठा आधार होता. आपले विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे हे त्याच चळवळीतले.) या गावात स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग हे दोन मित्र वाढले आणि १९८९ मध्ये त्यांनी पेव्हमेंट हे नाव घेऊन गाणी टिपायला सुरुवात केली. सुरुवातीच्या रेकॉर्डवर त्यांनी पूर्ण नावंसुद्धा दिली नाहीत. माल्कमस झाला 'एस. एम.' आणि कॅनबर्ग 'स्पायरल स्टेअर्स'.

तिसरा माणूस महत्त्वाचा. गॅरी यंग वयाने त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठा. त्याच्या राहत्या घरात स्टुडिओ होता, नाव 'लाउडर दॅन यू थिंक'. ही दोन पोरं आपली विचित्र गाणी टिपायला त्याच्याकडे गेली, तर त्याने गाणी टिपलीही आणि ड्रम वाजवायलाही तोच बसला. त्याची आवड सत्तरच्या दशकातल्या गुंतागुंतीच्या रॉककडची, त्यामुळे त्याचे ठेके सरळसोट नाहीत. तो तालाच्या कडेकडेने चालतो, मध्येच एखादी उडी मारतो, आणि गाणं आता कोसळणार असं वाटत असताना बरोबर जागेवर येतो. या अल्बमचा निम्मा जीव त्याच्या हातांत आहे असं माझं ठाम मत आहे. नंतरचे अल्बम अधिक नेटके झाले, पण ही डगमग पुन्हा आली नाही.

माल्कमस तोवर व्हर्जिनिया विद्यापीठातून शिकून न्यूयॉर्कला आला होता आणि व्हिटनी या कलासंग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी करत होता. त्याचा कवीमित्र डेव्हिड बर्मनही तिथेच पहाऱ्यावर. अल्बमचं नाव बर्मनच्या एका व्यंगचित्रावरून घेतलेलं आहे. १९९० चा डिसेंबर आणि १९९१ चा जानेवारी, या थंडीत स्टॉकटनला जाऊन यंगच्या घरी सगळं टिपलं गेलं. बेस वाजवायला वेगळा माणूस बँडमध्ये नव्हता. बेसवाला मार्क इबोल्ड आणि यंगच्या जोडीला ठेका धरणारा बॉब नास्टानोविच हे नंतर सामील झाले.

तारखांकडे जरा बघा. निर्व्हाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि त्याने अमेरिकन रॉकचा बाजारच पालटला. पेव्हमेंटची टेप त्याच्या आधी भरलेली होती, पण अल्बम मॅटाडोर या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणला तो एप्रिल १९९२ मध्ये. मधल्या काळात त्याच्या कॅसेट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरत राहिल्या आणि दुकानात येण्याआधीच त्याच्याबद्दल लिहून यायला लागलं. जाहिरातीने न होणारं काम त्या फिरत्या कॅसेटींनी केलं.

पायरी तिसरी: योग्य आवृत्ती निवडा

ही पायरी छोटी आहे, पण इथे बरेच जण फसतात. ऑनलाइन शोधलं की 'लक्स अँड रिडक्स' नावाची २००२ ची मोठी आवृत्ती समोर येते. त्यात रेडिओवरची सत्रं, बी-साइड (सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी), लंडनमधला कार्यक्रम असं पुष्कळ आहे. सुरुवातीला ती नको. मूळ चौदा गाण्यांचा, सुमारे ३९ मिनिटांचा अल्बम घ्या. मोठ्या आवृत्तीत हीच चौदा गाणी सुरुवातीला येतात, त्यामुळे 'अवर सिंगर' संपलं की थांबायचं एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

शक्यतो पहिल्यांदा साध्या स्पीकरवर ऐका. हेडफोनमध्ये गिटारची धार थेट कानात घुसते आणि नवखा कान दमतो. खोलीतल्या हवेतून आलेला तोच आवाज बराच मवाळ वाटतो.

पायरी चौथी: पहिल्या दिवशी फक्त पाच गाणी

सुरुवात नवव्या गाण्याने करा: 'हिअर'. या अल्बममधलं हे सगळ्यात संथ आणि उघडं गाणं. दोन-तीन सूर पुन्हा पुन्हा येतात, ड्रम जेमतेम साथ देतात आणि माल्कमस अगदी साध्या आवाजात यशासाठी नटूनथटून बसलेल्या, पण ज्याच्याकडे यश कधीच आलं नाही अशा माणसाबद्दल गातो. इथे खरखर आड येत नाही. चाल इतकी सरळ आहे की पेटीवर एका बोटाने काढता येईल. टिंडरस्टिक्स या ब्रिटिश गटाने हे गाणं आपल्या पद्धतीने गायलं आहे. ते कधी मिळालं तर ऐका. सगळी खरखर गेल्यावरही गाणं जागच्या जागी उभं राहतं, आणि मग कळतं की मुळात बांधणी किती पक्की होती.

मग अल्बममधलं पहिलं गाणं, 'समर बेब (विंटर व्हर्जन)'. घुर्र अशी गिटार सुरू होते आणि थांबतच नाही. पहिल्या ओळीत त्या वेळच्या लोकप्रिय रॅपर व्हॅनिला आइसला एक टपली आहे, पण शब्दांकडे इतक्यात जाऊ नका. गाण्याची धून आवाजात नाही, गिटारच्या त्या घुर्र आवाजाखाली चालू आहे. तिथे कान लावा. दुसऱ्यांदा ऐकताना ती वर येते. शेवटाकडे गाणं जसं पसरत जातं, गायक जसा तेच शब्द लांबवत जातो, ते मला आजही उन्हाळ्याच्या दुपारी लांबच्या रस्त्यावर गाडी चालवल्यासारखं वाटतं.

आपल्या यादीतलं तिसरं, 'ट्रिगर कट'. यात चक्क साठच्या दशकातल्या पॉपसारखं 'शा ला ला' आहे. गोड सुरावटीच्या अंगावर भरड कपडा चढवला की काय होतं, ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

चौथं, 'झ्युरिक इज स्टेन्ड'. पावणेदोन मिनिटांच्या आत संपतं. गावाकडच्या अमेरिकन संगीताचा वास असलेली घसरती गिटार आणि खांदे पाडून बसलेला आवाज. अनेक लोक याला सोडून पुढे जातात. मला ते 'हिअर'च्या धाकट्या भावासारखं वाटतं.

पाचवं, 'टू स्टेट्स'. हे कॅनबर्गचं आणि तोच गातो. कॅलिफोर्नियाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे करा, असा त्यात पुकारा आहे, मोर्चातल्या घोषणेसारखा. वेगळ्या विदर्भाच्या मागणीत वाढलेल्या नागपूरकराला हा आवेश लगेच ओळखता येईल! हात आपोआप टेबलावर पडायला लागतात.

एवढंच. उरलेली गाणी त्या दिवशी नकोत.

पायरी पाचवी: आता पहिल्यापासून शेवटपर्यंत

दोन-तीन दिवसांनी अल्बम क्रमाने लावा. ओळखीची पाच गाणी आता खांबांसारखी उभी असतील आणि मधला गोंगाट त्यांच्या आधाराने पार होईल. 'नो लाइफ सिंज्ड हर' आणि 'चेस्लीज लिटल रिस्ट्स' ही दोन गाणी सगळ्यात जास्त त्रास देतात. दुसऱ्यात तर जवळजवळ नुसती आरडाओरड आहे. ते सव्वा मिनिटात संपतं, तेव्हा सोडू नका. त्याच्यानंतर 'लोरेटाज स्कार्स' सुरू होतं, तेव्हा कानाला जो दिलासा मिळतो तो त्या आरडाओरडीमुळेच. क्रम लावणाऱ्याने हे जाणून केलेलं आहे.

मधलं 'इन द माउथ अ डेझर्ट' मात्र शांतपणे, इतर काम बाजूला ठेवून ऐका. माझ्या मते हा अल्बमचा मध्यबिंदू आहे. गिटारचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी थोडा जड होऊन. आवाज आधी कंटाळल्यासारखा, मग हळूहळू तापत जाणारा. ओरडण्याची वेळ येते तेव्हा माल्कमस ओरडतोही, पण सुराच्या अलीकडेच थांबतो. नीट गायला असता तर ही ओढ राहिली नसती. सुराच्या अगदी जवळ जाऊन न पोचणं, हेच त्या गाण्याचं दुखणं आहे आणि तेच त्याचं सौंदर्य.

'कंड्युइट फॉर सेल!' आलं की एक गोष्ट जाणून घ्या. कडव्यांमध्ये गाणं नाही, भरभर बोलणं आहे, आणि ध्रुवपदात 'मी प्रयत्न करतोय' एवढंच परत परत. ही शैली सरळ सरळ इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या 'द फॉल' या बँडकडून आलेली आहे. त्यांच्या १९८० च्या 'न्यू फेस इन हेल' शेजारी हे गाणं ठेवलं की साम्य लपत नाही. 'द फॉल'चा म्होरक्या मार्क ई. स्मिथ याने पेव्हमेंटवर नकलेचा आरोप उघडपणे केला होता. या एका गाण्यापुरतं त्याचं म्हणणं मला पटतं. पूर्ण अल्बमवर ते लागू होत नाही, कारण 'हिअर' लिहिणारा माणूस 'द फॉल'मध्ये कधीच नव्हता.

पायरी सहावी: शब्दांशी झटापट करू नका

गाण्यांचे शब्द समोर घेऊन अर्थ लावायला बसलात तर निराशा पदरी पडेल. माल्कमस वाक्य सुरू करतो एका गोष्टीबद्दल आणि संपवतो भलतीकडेच. शब्द आधी नादासाठी निवडलेले आहेत, अर्थ नंतर जमला तर जमला. पण मधूनच एखादी ओळ लख्ख उजळते, आणि तीच लक्षात राहते. बर्मनसारख्या कवीच्या संगतीचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. अल्बमचं मुखपृष्ठही याच वृत्तीचं आहे: फेरांटे अँड टायशर या पियानोवादक जोडीच्या एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर घेऊन त्यावर गिरगटून ते केलेलं आहे. हाताशी असलेली जुनी वस्तू घ्यायची आणि तिच्यावर आपलं अक्षर उमटवायचं.

पायरी सातवी: मागे जा, मग पुढे या

अल्बम अंगात मुरला की त्याच्या नातेवाइकांकडे जायचं. मागे जायचं तर न्यूझीलंडला जा. तिथल्या 'फ्लाइंग नन' कंपनीचा 'द क्लीन' हा बँड आणि त्यांचं १९८१ चं 'बूडल बूडल बूडल'. चार ट्रॅकच्या यंत्रावर टिपलेल्या, हसऱ्या चालींच्या या गाण्यांत पेव्हमेंटची मुळं ऐकू येतात. त्यांच्या जोडीला इंग्लंडचे 'स्वेल मॅप्स', आणि वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाचा 'बीट हॅपनिंग'. वाजवता येणं ही गाणी करण्याची अट नाही, हे या लोकांनी आधीच दाखवलेलं होतं.

पुढे यायचं तर आधी त्याच मॅटाडोर कंपनीचा, १९९३ मधला लिझ फेअर या गायिकेचा पहिला अल्बम 'एक्झाइल इन गायव्हिल'. तीही आधी घरी भरलेल्या कॅसेटींमुळेच ओळखली गेली. मग १९९४ चा 'गायडेड बाय व्हॉइसेस'चा 'बी थाउजंड'. ओहायोतल्या डेटनचा हा बँड, आणि त्याचा प्रमुख रॉबर्ट पोलार्ड शाळेत शिकवणारा मास्तर. या दोघांवर पेव्हमेंटचा 'प्रभाव' होता असं म्हणणं घाईचं ठरेल. ते समांतर चालत होते. पण 'स्लँटेड अँड एन्चान्टेड'ने ऐकणाऱ्यांचे कान तयार करून ठेवले होते, म्हणून त्यांना ऐकणारे लवकर मिळाले.

सरळ प्रभाव बघायचा असेल तर ब्लर हा इंग्लिश बँड बघा. ब्रिटिश पॉपच्या शिखरावर असताना त्यांचा गिटारवादक ग्रॅहम कॉक्सन पेव्हमेंटच्या प्रेमात पडला आणि १९९७ मध्ये 'ब्लर' याच नावाने आलेल्या अल्बमचा आवाज एकदम भरड, अमेरिकन झाला. ज्याच्या 'वू-हू' वर जगभरची स्टेडियम नाचतात ते 'साँग टू' याच अल्बममधलं. पुढच्या पिढीत 'स्पीडी ऑर्टिझ' या बँडची सॅडी डुप्वी आहे. ती आधी पेव्हमेंटची गाणी वाजवणाऱ्या मुलींच्या एका बँडमध्ये होती. आणि विल टोलेडोचा 'कार सीट हेडरेस्ट'. आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हा मुलगा गाडीच्या मागच्या सीटवर बसून गायचा. २०१० पासून त्याने आपले अल्बम स्वतःच इंटरनेटवर टाकले आणि २०१५ मध्ये त्याला करारबद्ध केलं ते मॅटाडोरनेच. यंगच्या घरातल्या स्टुडिओपासून गाडीच्या मागच्या सीटपर्यंतची ही रेघ मला फार प्रिय आहे.

स्वतः पेव्हमेंटचं पुढचं काम ऐकायचं तर थेट १९९४ च्या 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन'वर उडी मारू नका. मध्ये एक छोटं स्टेशन आहे: 'वॉटरी, डोमेस्टिक' नावाची चार गाण्यांची १९९२ ची ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड). यंगचे ड्रम असलेली ही शेवटची रेकॉर्ड. आवाज थोडा स्वच्छ झालाय, चाली आणखी खुलल्यात, आणि डगमग अजून शिल्लक आहे. त्यातलं 'फ्रंटवर्ड्स' मी 'हिअर'च्या बरोबरीने ठेवतो. १९९३ मध्ये यंग बाहेर पडला आणि त्याच्या जागी स्टीव्ह वेस्ट आला. कार्यक्रमाला येणाऱ्यांना दारात भाजी वाटणारा, मंचावर शीर्षासन करणारा यंग २०२३ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याच्यावरचा माहितीपट आला, आणि त्याला नाव दिलं होतं त्याच्या स्टुडिओचंच.

हे सगळं झालं की शेवटी १९८९ ची पहिली ईपी लावा, 'स्ले ट्रॅक्स'. तिचा खर्च आठशे डॉलर, आणि ती काढायला कंपनी नव्हती म्हणून कॅनबर्गने स्वतःच एक काढली. तिच्यात 'बॉक्स एल्डर' नावाचं गाणं आहे: या गावातून आता निघायलाच हवं, एवढंच सांगणारं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या 'द वेडिंग प्रेझेंट'ने ते उचलून आपलं म्हणून गायलं, तेव्हा पेव्हमेंटचा एकही अल्बम आलेला नव्हता. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका. आधी स्टॉकटनची.